बनियनवाल्याचा उजवा हात

थपडेचा आवाज कोबीतून येत नाही, हे मला कोबी फोडून फोडून कळलं. कोबीतून बरगडी मिळते. नाक मोडायला शेवग्याची शेंग उत्तम. डोकं भिंतीवर आपटायचं तर शहाळं, आणि पोटातली लाथ म्हणजे ओली चादर गुंडाळायची आणि गादीवर हाणायची. सुऱ्याचा घाव मी बाजारातल्या कोळीण मावशींकडून आणला. त्या घोळ माशाचं मुंडकं कोयत्याने उडवत होत्या आणि मी त्यांच्या पाटाजवळ मोबाईल धरून बसले होते. कशाला गं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माणूस कापायचाय. त्यांनी मान डोलावली आणि दुसरं मुंडकं जरा जोरात उडवलं.

थप्पड मात्र कशातूनच येईना. शेवटी एका दुपारी खिडक्या लावून घेतल्या, माइकसमोर बसले आणि स्वतःच्या मांडीवर मारून बघितलं, मग दंडावर, मग गालावर. गालावरची ठेवली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची बाई वर आली, घरात कोण कोणाला मारतंय ते विचारायला. मी इथे एकटीच राहते, असं मी तिला सांगितलं, तर ती आणखीनच घाबरली.

मी गेम बनवत होते. एकटीने. त्याआधी ठाण्यात एका कंपनीत पत्त्यांच्या गेमसाठी नाणी उधळायचं काम करायचे. कोणी जिंकलं की पडद्यावर नाण्यांचा सडा पडतो ना, तो माझा. काही वर्षं नाणी उधळली आणि मग एका मीटिंगमध्ये मॅनेजरच्या अंगावर पाण्याची बाटली भिरकावली. लागली नाही, पण नोकरी गेली. दिव्यात भाडं परवडतं म्हणून दिव्यात खोली घेतली. माझा हात जरा सैल आहे, असं मी तेव्हा हसत हसत सगळ्यांना सांगायचे. तिथे पाण्याच्या रांगेत घुसणाऱ्या एका बाईच्या कळशीला मी लाथ घातली होती, तेव्हापासून माझा नंबर कोणी मोडत नव्हतं. याचाही मला अभिमान होता.

एकटीने गेम करायचा म्हणजे आपणच साहेब आणि आपणच शिपाई. सकाळी साहेब होऊन मी भिंतीवर कामांच्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचे आणि संध्याकाळी शिपाई होऊन त्यातलं काय काय झालं नाही ते बघायचे. मग साहेब शिपायाला जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक माउस भिंतीवर फुटला. कीबोर्डच्या दोन कळा मी मुठीने आत घातल्या, त्यातली एक नेमकी काम सेव्ह करायला लागणारी.

सुरुवातीला गेममध्ये अख्खी अनधिकृत बिल्डिंग होती. डबे पोचवणारी एक मुलगी, प्रत्येक मजल्यावर वेगळा गुंड, प्रत्येकाच्या हातात वेगळं हत्यार: सळई, साखळी, गॅसची नळी. कागदावर फार झकास दिसायचं. पण एकटं माणूस एवढी बिल्डिंग बांधू शकत नाही हे कळायला मला बराच काळ लागला, आणि मग कात्री लावणं सुरू झालं. आधी गच्ची गेली. मग वरचे मजले गेले. साखळीवाला गेला, कारण साखळी नीट हलतच नव्हती. जिना गेला. दर वेळी मी स्वतःला समजावायचे की लहान करू पण पूर्ण करू. शेवटी उरली एक खोली: ओटा, पलंग, टीव्ही, दार, आणि बनियन घातलेला एक माणूस. मुलीच्या हातातला डबासुद्धा गेला. त्या माणसाला चुकवून त्या खोलीतून बाहेर पडायचं, एवढाच गेम. हे मी ठरवून केलं नव्हतं. कापत कापत तिथे पोचले.

बनियनवाल्याला हलवायला मला नमुना हवा होता. बाकीचे लोक मारामारीचे व्हिडिओ बघून करतात. मी मोबाईल उभा केला आणि त्याच्यासमोर स्वतःच मारण्याची नक्कल केली, तर ते वरातीतल्या नाचासारखं दिसायला लागलं. वैतागून डोळे मिटले आणि मला जे येत होतं ते केलं. मग रेकॉर्डिंग बघितलं. पडद्यावर बाबा होते.

बाबा मारायचे. आमच्याकडे हे कधी कोणी असं सरळ वाक्यात म्हटलं नाही, म्हणून मी म्हणते. कोपरला आमचं वन रूम किचन. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर, पंजा लोखंडासारखा. आईला मारायचे, मी मध्ये आले तर मला. कारण असायलाच हवं असं नव्हतं. एकदा आईचं डोकं धरून ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं आणि मग स्वतःच हळद आणून दाबली. एकदा ते घरात येऊ नयेत म्हणून मी दार धरून उभी राहिले, तर त्यांनी दार माझ्या बोटांसकट ओढून घेतलं. दोन नखं गेली. मी त्या माणसाचा द्वेष करत मोठी झाले आणि अजून करते, त्यात मला काही अवघड वाटत नाही.

त्यांचा हात उठायच्या आधी एक गोष्ट व्हायची. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरून किंचित वर यायचा. मी लहान होते, माझी नजर कायम खाली, म्हणून मला तो दिसायचा. अंगठा हलला की पापणी लवण्याएवढा वेळ मिळायचा. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या अंगाला यायचा, तेव्हा मी उजवीकडे सुटायचे. कधी जमायचं, कधी नाही. बनियनवाल्याला मी तोच अंगठा दिला, तोच हात दिला, आणि काम चांगलं उतरलं म्हणून खूश झाले.

दोन-तीन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. शर्ट घालायलासुद्धा आई लागायची. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, संपलं एकदाचं. मी घर सोडलं तेही त्यानंतरच, निर्धास्तपणे. आई दर आठवड्याला पोळ्या आणि भाजी घेऊन दिव्याला यायची. ती बाबांबद्दल काही बोलायची नाही आणि मी विचारायचे नाही.

ठाण्यातल्या कोपरीला एका मित्राचा क्लास आहे. रविवारी तो रिकामा असायचा, तेव्हा गेम बनवणारी आम्ही काही मंडळी तिथे जमायचो आणि एकमेकांचे गेम खेळून त्यांची चिरफाड करायचो. एका स्पर्धेला गेमचा डेमो पाठवायची तारीख जवळ आली होती, म्हणून मी बनियनवाल्याला तिथे नेलं. एकेक जण खुर्चीत बसला आणि मेला. मुलगी ओट्यावर आपटत होती, दात उडत होते, बरगड्या मोडत होत्या. आवाज फार खरे आहेत असं सगळे म्हणाले, पण खोलीतून बाहेर कोणी पडेना. एकाने कंट्रोलर टेबलावर आपटला.

"ये चीटिंग है यार," तो म्हणाला. "हा काही न सांगता हाणतो."

गेममध्ये शत्रूने मारायच्या आधी इशारा द्यायचा असतो. हात मागे घेईल, ओरडेल, काहीतरी करेल, म्हणजे खेळणाऱ्याला चुकवता येतं. इशारा नसेल तर तो गेम नव्हे, नुसता मार. हे मला शिकवायची गरज नव्हती. मी कंट्रोलर घेतला आणि एकही फटका न खाता खोलीबाहेर पडून दाखवलं. सगळे माझ्या खुर्चीभोवती जमले. तुला कसं कळतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी अंगठा दाखवला. ते पडद्याला नाक लावून बघायला लागले. अंगठा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. तिथे कोण बघणार, असं म्हणून ते हसले, आणि मला ते हसणं झोंबलं. मला खरंच वाटत होतं की सगळे तिथेच बघतात. माणूस समोर उभा राहिला की आधी त्याच्या पायांकडे बघायचं असतं, यात सांगण्यासारखं काय आहे, असं मी धरून चालले होते. परत येताना मी रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

त्या आठवड्यात आई आली तेव्हा मी इशारा मोठा करण्याच्या मागे लागले होते. बनियनवाल्याला ओरडायला लावलं, हात डोक्यामागे न्यायला लावला, तर तो नाटकातला राक्षस वाटायला लागला. चिडून सगळं पुसलं आणि जुनंच ठेवलं. आई डबे घासून ठेवत होती. तिला म्हटलं, तू खेळून बघ. मला कुठे येतंय त्यातलं, असं म्हणत म्हणत ती पदराला हात पुसून बसली. डावीकडे सरकायचं कसं, उजवीकडे कसं, वाकायचं कसं, मारायचं बटण कुठलं, ते मी तिला दाखवलं. आवाज मोठा कर म्हणाली. केला. आणखी मोठा कर म्हणाली.

बनियनवाला दारातून आत आला. आईने त्याला ओळखलं असणारच, पण तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही, ती फक्त मांडी सावरून बसली. त्याने ताट भिरकावलं, आई वाकली. लाथ आली, आई मागे. कोपरीला ज्या लाथेने सगळे मेले होते ती तिला शिवलीसुद्धा नाही. मारायच्या बटणाला तिने बोट लावलं नाही, ती नुसती चुकवत राहिली. मला हसू फुटलं. एवढ्या टेस्टरांमध्ये माझी आई एकटी पास होणार, म्हणून मी खूश होते.

मग त्याचा अंगठा वर आला. आई त्याच क्षणी सरकली, पण डावीकडे. थेट त्याच्या हातात. थप्पड बसून मुलगी ओट्यावर पडली. मी पुन्हा सुरू करून दिलं. पुन्हा वेळ अचूक आणि बाजू उलटी. पुन्हा तेच. बटणांचा घोळ होत असेल म्हणून मी तिला डावीकडे-उजवीकडे करून दाखवायला सांगितलं, तर तिने बरोबर करून दाखवलं. मग मी वैतागले. मी म्हटलं, आई, तो उजव्या हाताने मारतो, तू नेमकी त्याच्या हातात काय जातेस?

ती पडद्याकडेच बघत होती.

"उजवा कुठे उठतो आता यांचा," ती म्हणाली. "आता डावाच येतो."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने कंट्रोलर हळूच सतरंजीवर ठेवला. बटण कोणीच दाबत नव्हतं, त्यामुळे बनियनवाला मुलीला मारत राहिला, आणि तो आवाज आम्ही दोघी ऐकत बसलो. मी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि हळू आवाजात तिला हाक मारली. तिने मान वळवली नाही. गेलं वर्षभर ती फोन डाव्या कानाला लावत होती आणि प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगायला लावत होती. मी तिला म्हातारी झालीस म्हणून चिडवायचे.

खोदून खोदून विचारलं तेव्हा थोडं बोलली. खांदा धरल्यावर काही दिवस शांत गेले. मग डावा सुरू झाला. आधी तो नीट बसायचा नाही, नुसता घासून जायचा, त्याचाच त्यांना जास्त राग यायचा. मग सवय झाली. हे ती एखाद्याला नवीन चष्म्याची सवय व्हावी तसं सांगत होती. मला रडू आलं नाही. मी भिंतीवरच्या चिठ्ठ्या दोन्ही हातांनी ओरबाडून काढल्या, मग टेबलावरचा स्टीलचा ग्लास दारावर हाणला. आई उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

मी तिला म्हटलं, आता तू परत जायचं नाहीस, इथे माझ्याजवळ राहायचं. ती लगेच हो म्हणाली नाही. पाणी येत नाही इथे, तुला काम असतं, खोली केवढीशी, असं सगळं बोलून झालं. पण बोलता बोलता ती दमली आणि हो म्हणाली. फक्त तिच्या साड्या, औषधं आणि बँकेचं पुस्तक तिला स्वतः जाऊन घ्यायचं होतं. मी बरोबर येते म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं, आयुष्यात एक तरी गोष्ट मी पूर्ण केली.

दिव्याहून कोपर म्हणजे एकच स्टेशन. तेवढ्यात मी मनातल्या मनात बाबांना किती प्रकारे मारलं ते सांगता येणार नाही. घरी पोचलो तेव्हा ते पलंगावर बसून चहाची वाट बघत होते. आई कपाटाकडे गेली आणि पिशवीत कपडे भरायला लागली. मी बाबांना सांगितलं की आई माझ्याकडे चाललीय आणि आता परत येणार नाही. कोणाला विचारून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तिचा कान फोडला तेव्हा कोणाला विचारलं होतं? ते उभे राहिले.

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. अंगठा वर आला. मी उजवीकडे सुटले, लहानपणापासूनच्या सवयीने, आणि इतके महिने तोच उजवा हात बनवत बसले होते म्हणूनही. आईने सांगितलेलं सगळं ठाऊक असून माझं शरीर उजवीकडेच गेलं. डावा आला. कानशिलात असा बसला की माझा गाल माझ्याच दातांत सापडला आणि तोंड रक्ताने भरलं.

मग मी त्यांचा उजवा हात धरला. दोन्ही हातांनी मनगट पकडलं आणि वर नेला. तो जिथे अडला तिथे मी थांबले नाही. खांद्यात काहीतरी सुटलं, त्याचा आवाज आला, आणि बाबा गुरासारखे ओरडले. गुडघ्यांवर आले. मी हात सोडला नाही. गुडघा छातीत घातला, मग पुन्हा घातला. त्यांचा श्वास अडकला तेव्हा आणखी एकदा घातला. मला मजा येत होती. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता, पांढरे खुंट, लाळ, घाबरलेले डोळे, आणि तो चेहरा फोडायचा म्हणून मी मूठ मागे घेतली.

"सोड त्यांना," आई म्हणाली. "अगं, मरतील."

मी मूठ तशीच ठेवून तिच्याकडे वळले. पिशवी घे आणि चल, एवढंच मला म्हणायचं होतं. आई डावीकडे झुकली. मान खांद्यात, हात उजव्या कानावर, पिशवी जमिनीवर. तिने क्षणाचाही उशीर केला नव्हता.

मी मूठ उघडली, हात खाली घेतला. आईने माझ्या हाताकडे बघत बघत स्वतःचा हात कानावरून काढला. बाबा फरशीवर कण्हत होते. ती त्यांच्याकडे गेली नाही, माझ्याकडेही आली नाही. वाकून पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरली.

खाली रस्त्यावर मी स्टेशनकडे वळले तर ती जागची हलली नाही. तिने डाव्या कानाला फोन लावला आणि कल्याणला मावशीला सांगितलं की मी येतेय, राहायला. मी म्हटलं, आपलं दिव्याचं ठरलं होतं. तिने फोन पिशवीत टाकला. मी म्हटलं, आई, मी तुझ्यासाठी मारलं.

"असेल," ती म्हणाली. "पण हात उठणाऱ्या माणसाबरोबर राहून झालंय माझं."

तिने रिक्षा थांबवली. मला बस म्हणाली नाही. तोंडातलं रक्त थुंकायला मी बाजूला झाले तेवढ्यात रिक्षा निघून गेली.

बाबांचा खांदा डॉक्टरांनी जागेवर बसवला. बाथरूममध्ये पाय घसरला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि शेजाऱ्यांनी नेहमीसारखं ते ऐकून घेतलं. त्यांना आता बाहेरून डबा येतो. मी त्यांना परत भेटले नाही.

डेमो वेळेत गेला. बनियनवाल्याचा इशारा शेवटी मला सापडला. आमच्याकडे मार सुरू व्हायच्या बेतात आला की भिंतीपलीकडचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. गेममध्येही आता तसंच होतं: भिंतीपलीकडचा टीव्ही मोठा झाला की पुढच्या क्षणी तो मारतो. डावा की उजवा, ते खांद्यावरून कळतं. कोपरीच्या मंडळींनी पुन्हा खेळून बघितलं आणि बहुतेक जण बाहेर पडले. आता फेअर आहे म्हणाले.

मी सुट्टीच्या दिवशी कल्याणला जाते. आईच्या कानात यंत्र बसवलंय, ती मावशीबरोबर देवळात जाते, थोडी जाड झालीय. दिव्याला कधी येशील म्हणून मी दर वेळी विचारते आणि ती बघू म्हणते. मी तिथे हळू बोलते, काही उचलायचं झालं तर सांगून उचलते. बेल वाजवली की दार तीच उघडते. आधी माझ्या हातांकडे बघते, मग चेहऱ्याकडे, आणि मग आत ये म्हणते.